सुरूच्या रांगेतला आवाज

शारजा आणि दुबईतल्या तीसेक मराठी कुटुंबांचा तो ग्रूप पक्षी बघणाऱ्यांचा होता, आणि त्यात हेमचंद्र पारसनिसांचा शब्द शेवटचा मानला जाई. ऑक्टोबर ते मार्च, हवा जरा माणसात आली की महिन्यातून एकदा सगळे गाड्या काढून डोंगरात नाहीतर वाळवंटात जात, तंबू ठोकत आणि रविवारी दुपारी परत येत. बहुतेकांचा ओढा फोटोंकडे. मोठ्या लेन्स आणि त्यांच्या त्याहून मोठ्या बॅगा. हेमचंद्रांकडे कॅमेरा नव्हता. गळ्यात एक जुनी दुर्बीण, बाकी सगळी भिस्त कानांवर. झाडाकडे पाठ करून चहा पिता पिता ते म्हणत, "मागे, खालच्या फांदीवर शिंजीर आहे," आणि लोक वळून बघत तर तो तिथे असे. एकोणसाठ वर्षांचे होते. उंच इमारती थंड ठेवणाऱ्या प्लांटमध्ये मेंटेनन्स बघत त्यांची सव्वीस वर्षं इथे गेली होती. दिवसभर घरघरणारी यंत्रं, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्यांना बारीकसारीक आवाज हवे असत.

मिहिका वाघुलकर त्यांची शिष्या. शारजातल्या अल मजाजमध्ये त्यांच्या बिल्डिंगपासून दोन बिल्डिंगा सोडून राहायची. तिचे वडील उपेंद्र बँकेत होते आणि त्यांना पक्ष्यांत काडीचा रस नव्हता. पण मुलगी अकरा वर्षांची असताना शेजारच्या पारसनीस काका-काकूंबरोबर एकदा गेली आणि मग जातच राहिली. आता ती सतराची होती, बारावीला. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. काकांच्या गाडीत मागच्या सीटवर तिची जागा ठरलेली होती. गेली दोनेक वर्षं असं होऊ लागलं होतं, की आवाज आधी मिहिका सांगायची आणि काका मान डोलवायचे. लोकांना वाटे, गुरू शिष्येची परीक्षा घेतोय. खुद्द हेमचंद्रांनाही तसंच वाटे.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मुक्काम मसाफी गावाच्या पलीकडे पडला होता. डोंगरातल्या कोरड्या नदीला इथे वादी म्हणतात. अशाच एका वादीच्या काठाशी, खजुराच्या शेताजवळ तंबू होते. शेताच्या कुंपणाला वारा अडवायला सुरूच्या झाडांची लांब रांग लावलेली. पण सगळ्यांचं लक्ष होतं समोरच्या कड्याकडे. तिथे मोरघारीची जोडी घरट्यावर येते, अशी पक्की खबर सिद्धांतने आणली होती. सिद्धांत रास अल खोरमध्ये एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामात कामाला होता आणि ग्रूपमधली सगळ्यात लांब लेन्स त्याची होती. उन्हं कड्यावर यायच्या आत जाऊन बसायचं, म्हणून सकाळी सव्वासहालाच सगळे बूट घालून तयार होते. त्याची यल्ला, यल्ला अशी घाई चालली होती.

तेवढ्यात मिहिका शेताच्या बाजूने जवळजवळ पळत आली. सुरूच्या रांगेत गोल्डक्रेस्ट आहे, असं तिने सांगितलं. अंगठ्याएवढा पक्षी, सहा ग्रॅमसुद्धा वजन नाही, डोक्यावर पिवळी रेघ. राहतो थंड देशांतल्या सूचिपर्णी झाडांत. या बाजूला तो कधी दिसल्याचं ग्रूपमधल्या कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिने डोक्यावरची रेघ पाहिली होती, फार तर दोन सेकंद, आणि तो अजून बोलत होता.

सगळे रांगेशी गेले. पहाटेचा वारा सुटला होता आणि सुरूच्या पानांतून त्याची सूंऽऽ अशी एकसारखी सळसळ चालली होती. मिहिका मान वर करून उभी राहिली आणि थोड्या थोड्या वेळाने नुसतं बोट उचलू लागली.

"देअर," ती म्हणायची. "अगेन. काका, देअर."

हेमचंद्र डोळे मिटून ऐकत होते. सळसळ ऐकू येत होती. शेतातला पंप, लांबचा बुलबुल, मागे कुणीतरी नाक शिंकरलं तेही. तिचं बोट वर जाई तेव्हा त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. सिद्धांत म्हणाला की काहीतरी बारीक आहे खरं, पण तो रातकिडाही असेल. मग सगळे हेमचंद्रांकडे बघू लागले. त्यांची बायको सुचित्रा शेजारीच उभी होती. त्यांनी तिला विचारलं, "तुला येतंय काही ऐकू?"

सुचित्राने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही."

तेवढ्याने त्यांना पुरलं. त्यांनी निकाल दिला की हा साधा पर्णवटवट्या आहे, हिवाळ्यात इथे झाडागणिक असतो. अशा पहाटेच्या उजेडात डोकं पिवळं भासतंच. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण दहा माणसं समोर होती आणि त्यांना शिकवायची सवय होती. ते मिहिकाला म्हणाले, "ज्याला दुर्मीळ पक्षी बघायची घाई असते ना, त्याला तो दिसतोच. आधी आपल्या हावेला दुर्बीण लावायची, मग झाडाला."

दोघं-तिघं हसले. सिद्धांतने विचारलं, दहा मिनिटं कॅमेरा लावून थांबू का. हेमचंद्र म्हणाले, मोरघार तुझ्यासाठी थांबणार नाही. सगळे कड्याकडे निघाले. मिहिका तिथेच राहिली. तिच्याकडे फक्त फोन होता. तो डोक्यावर धरून ती बराच वेळ त्या झाडांखाली उभी असलेली कड्यावरून दिसत होती. मोरघारीचे फोटो उत्तम मिळाले. दहा वाजता सगळे परतले तेव्हा ती तंबूबाहेर वहीत चित्र काढत बसली होती. रविवारी येताना ती नेहमीच्या जागेवर बसली आणि अल मजाज येईपर्यंत तिने कानातले इअरफोन काढले नाहीत.

मार्चमध्ये हेमचंद्रांना एक मेल आला. दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी तपासणारी एक समिती होती, तिच्या सचिवांचा. मिहिकाने रीतसर नोंद पाठवली होती. वर्णन, वहीतलं चित्र आणि चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिंगमध्ये वारा फार आहे, फोटो नाही, निरीक्षक वयाने लहान आहे. आपण तिथे हजर होतात असं ती लिहिते, तर आपलं मत कळवावं. सचिवांनी अगदी अदबीने लिहिलं होतं.

रात्रीचं जेवण व्हायचं होतं. हेमचंद्रांनी रेकॉर्डिंग लावलं. सळसळ. हेडफोन लावून ऐकलं. सळसळ. मग त्यांनी ते आवाजाचं चित्र दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकलं. खाली वाऱ्याचा करडा पट्टा होता, आणि त्याच्या खूप वर, मोकळ्या जागेत, बारीक ठिपके होते. चार-पाच, मग थोडी जागा, पुन्हा चार-पाच, हातशिलाईच्या टाक्यांसारखे. त्यांनी इंटरनेटवरून गोल्डक्रेस्टचा खात्रीचा आवाज उतरवला आणि त्याचं चित्र शेजारी ठेवलं. तीच उंची, तेच अंतर. मग त्यांनी मिहिकाचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि पडद्यावर सरकणारी रेघ त्या ठिपक्यांवरून जाताना बघितली. रेघ एकेका ठिपक्यावरून जात होती आणि त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी कान तपासून घेतले. तपासणारा तरुण मल्याळी होता. कागदावरचा आलेख डावीकडे सपाट होता आणि उजवीकडे जिन्यावरून पाय घसरावा तसा खाली गेला होता. त्याने हिंदीत धीर दिला की बोलणं वगैरे व्यवस्थित ऐकू येईल, वय आणि मशिनांजवळची नोकरी, त्यामुळे फक्त अगदी वरचे आवाज गेलेत. "वो आवाज़ें तो वैसे भी किसी काम की नहीं होतीं, सर," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यांनी सुचित्राला कागद दाखवला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने कागद वाचला, टेबलावर ठेवला आणि पुढचा शर्ट घेतला.

"मला त्या दिवशी ऐकू येत होतं," ती म्हणाली.

हेमचंद्रांना आधी समजेना. मग त्यांनी विचारलं, मग नाही का म्हणालीस.

"दहा लोकांसमोर हो म्हटलं असतं तर घरी येईपर्यंत दोन तास तुमचं तोंड बघत बसावं लागलं असतं. मग आठवडाभर. मला कंटाळा आला होता त्याचा."

"माझ्यासाठी खोटं बोललीस?"

"तुमच्यासाठी नाही हो. माझ्यासाठी." तिने शर्टाची बाही आत दुमडली. "त्या पोरीचा मी विचारच केला नाही. आता होतोय."

तिने एवढंच सांगितलं की त्या मेलला खरं काय ते लिहून टाका. हेमचंद्र हो म्हणाले आणि तीन दिवस लिहीत बसले. पहिल्या मसुद्यात सगळं होतं, आलेखसुद्धा. मग त्यांच्या मनात आलं, की हे कळल्यावर गेल्या कित्येक वर्षांतल्या त्यांच्या नोंदींचं काय होणार. त्यांच्या नावावर तीनशेच्या वर नोंदी होत्या. शिवाय दुसऱ्यांच्या किती नोंदी त्यांनी मान्य केल्या होत्या, किती उडवून लावल्या होत्या. एका पक्ष्यासाठी एवढं सगळं संशयाच्या घोळात टाकायचं का? मुलगी लहान आहे, तिला आयुष्यभर पक्षी दिसणार आहेत. हे त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते त्यांना शहाणपणाचं वाटू लागलं. शेवटी पाठवला तो मेल दोन वाक्यांचा होता. मी त्या वेळी तिथे हजर होतो आणि लक्षपूर्वक ऐकत होतो. मला गोल्डक्रेस्टचा आवाज ऐकू आला नाही.

त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पाठवण्याआधी त्यांनी तो दोनदा वाचून तशी खात्री करून घेतली. सुचित्राने विचारलं, लिहिलंत का, तेव्हा ते म्हणाले, लिहिलं. तिने काय लिहिलं ते विचारलं नाही.

एप्रिलमध्ये नोंद अमान्य झाली. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रूपवर एक ओळ उमटली, की मिहिकाने ग्रूप सोडला. बारावीची परीक्षा आहे, बरोबरच आहे, असं लोक म्हणाले. कुणीतरी अंगठा टाकला.

मे महिन्यात, परीक्षा संपल्याचं कळल्यावर, हेमचंद्र वाघुलकरांकडे गेले. जाताना सोनपापडीचा डबा नेला. उपेंद्रने त्यांना आग्रहाने बसवलं आणि चहा सांगितला. मग अगदी मनापासून आभार मानू लागला. काका, तुम्ही वेळीच खरं सांगितलंत ते फार बरं झालं, म्हणाला. आम्ही बोललो असतो तर ऐकलं नसतं, तुमचं ऐकलं. खूळच घेतलं होतं तिने, तेच करायचं म्हणत होती, त्यातच डिग्री. आता डेटा सायन्सला जायला तयार झाली आहे. नेदरलँड्समध्ये ॲडमिशन मिळतेय, इन्शाल्ला ऑगस्टमध्ये जाईल. हेमचंद्रांनी चहा संपवला. गरम होता तरी संपवला.

मिहिका आतून आली, नमस्ते काका म्हणाली आणि ते निघाले तेव्हा आईच्या सांगण्यावरून लिफ्टपर्यंत सोडायला आली. पॅसेजमध्ये दोघंच होते. हेमचंद्रांनी तिथे उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कानांचं, आलेखाचं, ठिपक्यांचं. तुझंच बरोबर होतं, असं म्हणाले.

तिने विचारलं, "व्हेन डिड यू फाइंड आउट?"

"मार्चमध्ये."

"बिफोर यू रोट टू देम?"

खोटं बोलता आलं असतं. हेमचंद्र म्हणाले, "हो. आधी."

तिने मान हलवली, एखादा हिशेब जुळावा तशी. "सो विल यू टेल देम नाऊ?"

इथपर्यंत ते खरोखर माफी मागायला आले होते. पण तिने सरळ विचारल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे तो मेल आला, त्यावर येणारं उत्तर आलं, ग्रूप आला. त्यांनी स्वतःलाच बोलताना ऐकलं. "सांगणार. नक्की सांगणार. फक्त पुढचा सीझन सुरू होऊ दे, मी माझ्या पद्धतीने सांगतो. तोपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस, बेटा."

लिफ्ट आली होती. मिहिकाने दार बंद होऊ नये म्हणून बटण दाबून धरलं होतं.

"ओके, काका," ती म्हणाली. घरी आलेल्या पाहुण्यांशी मुलं जसं बोलतात तसं. आवाजात राग असता तर हेमचंद्रांना बरं वाटलं असतं.

उन्हाळा गेला. ऑगस्टमध्ये मिहिका गेली. एअरपोर्टवर सोडायला बिल्डिंगमधले बरेच जण गेले होते, सुचित्राही गेली. हेमचंद्रांना प्लांटवर काम निघालं होतं. खरंच निघालं होतं.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी एकदाचं लिहिलं. समितीला सगळं कळवलं, आलेख जोडला, आणि मुख्य म्हणजे मार्चच्या मेलच्या आधीच आपल्याला माहीत होतं हेही लिहिलं. तोच मजकूर मराठीत करून ग्रूपवर टाकला. मग फोन उलटा ठेवला आणि जे काय होईल ते ऐकून घ्यायची तयारी केली.

तसं काही झालंच नाही. दहा मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. केवढा मोठेपणा, काका. अशी माणसं आता राहिली नाहीत. या वयात एवढं कबूल करायला छाती लागते. कुणीतरी सुचवलं की पहिल्या कॅम्पला काकांचा छोटासा सत्कार करू या. सुचित्राने ते सगळं स्वतःच्या फोनवर वाचलं आणि फोन चार्जिंगला लावून ती आत निघून गेली. मिहिकाचा उल्लेख त्या सत्तर-ऐंशी निरोपांत दोनदा आला, तोही "त्या मुलीला" म्हणून. फक्त सिद्धांतने काही लिहिलं नाही. त्याने संध्याकाळी इंटरनॅशनल सिटीतल्या खोलीवरून फोन केला.

"सर, एकच विचारायचं होतं. त्या दिवशी मी दहा मिनिटं थांबलो असतो तर फोटो मिळाला असता ना?"

"मिळाला असता बहुतेक," हेमचंद्र म्हणाले.

"फोटो असता तर तुमच्या मताची गरजच पडली नसती तिला."

सिद्धांतने बरंय सर म्हणून फोन ठेवला. सत्कार नको असं आपण सुचवणाऱ्याला कळवलंय हे सिद्धांतला सांगायचं राहून गेलं, असं नंतर हेमचंद्रांच्या लक्षात आलं.

समितीचं उत्तर आठवड्याने आलं. प्रकरण पुन्हा उघडता येईल, पण त्यासाठी मूळ निरीक्षकाची विनंती लागेल, आणि फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग, कारण पाठवलेली प्रत कॉम्प्रेस झालेली आहे. हेमचंद्रांनी ते मिहिकाला पाठवलं. सोबत चार ओळी लिहिल्या, त्यातल्या दोन खोडल्या. निळ्या खुणा लगेच उमटल्या. तिने वाचलं होतं. उत्तर आलं नाही. त्यांनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि पुन्हा पाठवलं. पुन्हा निळ्या खुणा उमटल्या. शेवटी त्यांनी उपेंद्रला फोन केला.

उपेंद्रचा आवाज बदलला होता. त्याने ग्रूपवरचं कुणाकडून तरी ऐकलं होतं. सभ्य माणूस होता. एवढंच म्हणाला, की दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो, सगळं सांगते, हवा, मेस, मैत्रिणी. एकदा मीच विचारलं, तिकडे तर हे पक्षी असतील ना गं भरपूर. तर जेवायची वेळ झाली म्हणाली. तिकडे दुपारचे चार वाजले होते.

"मी तिला आता काही विचारणार नाही, काका," उपेंद्र म्हणाला. "तुम्हीही नका विचारू."

डिसेंबरअखेर समितीने कळवलं की विनंती न आल्याने आधीचा निर्णय कायम आहे.

जानेवारीतल्या कॅम्पला हेमचंद्र गेले. न जाऊन काय करणार, असं सुचित्रा म्हणाली आणि तीही आली. मागची सीट आता सगुणाला दिली होती. ती शारजातल्या एका हॉस्पिटलात नर्स होती आणि ग्रूपमध्ये नवीन होती. डोंगराच्या पायथ्याशी, घाफच्या मोठ्या झाडांत मुक्काम होता. घाफ म्हणजे आपल्याकडची शमीच. सकाळी चालायला निघण्याआधी हेमचंद्रांनी सगळ्यांना सांगितलं, की मला वरचे आवाज ऐकू येत नाहीत, तुम्ही ऐका आणि मला सांगा. लोकांनी कौतुकाने माना डोलवल्या.

थोडं पुढे गेल्यावर सगुणा थांबली. वर काहीतरी बोलतंय, म्हणाली. फार बारीक आहे.

"कसं?" हेमचंद्रांनी विचारलं.

तिने प्रयत्न केला. शिट्टीसारखं, पण शिट्टी नाही. एकसारखं नाही, तुटक. किती वेळा, ते मोजता येईना. चढतंय की उतरतंय, ते सांगता येईना. हेमचंद्रांनी सुचित्राकडे पाहिलं.

"मला येतंय ऐकू," ती म्हणाली. "कुणाचं आहे ते मी काय सांगणार?"

हेमचंद्रांनी दुर्बीण लावली. झाड मोठं होतं, पानं बारीक होती आणि सगळीच हलत होती. सिद्धांत या वेळी काही न विचारता लेन्स रोखून थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बाकीचे सवयीने हेमचंद्रांच्या तोंडाकडे बघत होते. मग सगुणा म्हणाली की थांबलं. सुचित्राही म्हणाली, हो, थांबलं मघाशीच.

नोंदवही हेमचंद्रांच्या हातात होती. त्यांनी वेळ लिहिली, झाड लिहिलं, आणि पुढे काय लिहावं ते न कळून ती मिटली. सगळे पुढे चालू लागले.